रक्षणाची चाकरी

बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटरवर डभोई हे जुने गाव आहे. प्राचीन काळी त्याला दर्भावती म्हणत. गावाच्या चार दिशांना चार वेशी असून पूर्वेकडील हिरा भागोळ ही वेस तिच्या शिल्पकामामुळे गुजरातेत विख्यात आहे. मराठ्यांच्या इतिहासात मात्र डभोईचे नाव निघते ते एका दुःखद लढाईमुळे. १ एप्रिल १७३१ रोजी ह्या गावाच्या परिसरात पेशवे बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्या सैन्यांची गाठ पडली. मराठ्यांशीच मराठे लढले. दाभाड्यांच्या फौजेची पांगापांग झाली, तरी सेनापतींनी आपल्या हत्तीच्या पायांत साखळ्या घालावयास लावून रणभूमी सोडण्याचे नाकारले, अशी परंपरा आहे. त्र्यंबकराव तेथेच पडले. लढाई बाजीरावांनी जिंकली. पण हटावयाचे नाही एवढ्याच निर्धाराने उभा राहिलेला तो पराभूत सेनापतीही लोकांच्या स्मरणात राहिला.

चढाई करणाऱ्याची कीर्ती गाण्यास भाट सहज मिळतात. राखणाऱ्याचे तसे नसते. शत्रू आत शिरला नाही, तर काही घडलेच नाही असे लोकांना वाटते. आणि शिरला, तर दोष तटावर उभ्या असलेल्या माणसाच्या माथी येतो. रक्षणाच्या चाकरीतील हा जुना अन्याय रणांगणापुरता मर्यादित नाही. खेळाच्या मैदानावरही तो दिसून येतो.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो दांडगा खेळ खेळला जातो, त्यात ह्या चाकरीला रीतसर मान्यता आहे. तेथील व्यावसायिक संघांत १९५० पासून गडी बदलण्यावरील बंधन कायमचे उठले आणि प्रत्येक संघाची दोन स्वतंत्र पथके झाली. एक चढाई करणारे, दुसरे अडविणारे. अडविणाऱ्या पथकातील खेळाडूने प्रतिपक्षाच्या माणसाला जमिनीवर पाडावयाचे, त्याची वाट रोखावयाची. ह्याच कामाचे त्याला वेतन मिळते आणि ह्याच कामावरून त्याची योग्यता ठरते. त्याने गुण का मिळविले नाहीत, असे त्याला कोणी विचारीत नाही. क्रिकेटमध्ये अशी वाटणी नाही. येथे एकाच फलंदाजाने यष्ट्याही राखावयाच्या आणि धावाही काढावयाच्या. संघ दुबळा असला म्हणजे पहिले काम इतके जड होते की दुसऱ्यास सवड उरत नाही. आणि मग तोच प्रेक्षक, ज्याने संकटात त्याच्याकडे आशेने पाहिलेले असते, त्याला रटाळ म्हणून नावे ठेवतो. डभोई ज्या बडोदे संस्थानात मोडत असे, त्या बडोद्याचे नाव क्रिकेटच्या जगात गाजविणारे विजय सॅम्युअल हजारे यांची सारी कारकीर्द ह्या पेचात गेली.

हजारे मूळचे सांगलीचे. ११ मार्च १९१५ हा त्यांचा जन्मदिवस. कुटुंब मराठी ख्रिस्ती, वडील शाळामास्तर, घरात भावंडे पुष्कळ. श्रीमंतीचे पाठबळ नाही, मोठ्या शहरातील जिमखान्याची ओळख नाही. अशा मुलाला क्रिकेटच्या जोरावर आयुष्य काढता येईल, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर ते थट्टेवारी गेले असते. १९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले आणि त्याच हंगामात हजारे महाराष्ट्राच्या संघातून उतरले. पुढे काही हंगाम ते मध्य हिंदुस्थानाच्या संघाकडून खेळले व पुन्हा महाराष्ट्रात परतले.

त्यांचा पवित्रा पाहून जाणकार नाक मुरडीत. दोन पायांच्या पॅडांमध्ये बॅट जणू कुलूपबंद करून ते उभे राहत. मोकळ्या खांद्यांचा, पाहताच डोळ्यांत भरणारा असा तो पवित्रा नव्हताच. ऑस्ट्रेलियाचे प्रख्यात लेगस्पिन गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट हे त्या सुमारास एका संस्थानिकाच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आले होते. त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ हजाऱ्यांना झाला. हा पवित्रा बदलण्याच्या भानगडीत पडू नकोस, असा सल्ला ग्रिमेट यांनी दिला. सल्ला मोलाचा ठरला. बॅट आणि पॅड यांच्यामध्ये फट न ठेवणारा तो अडचणीचा वाटणारा पवित्रा म्हणजेच हजाऱ्यांची तटबंदी होती.

ह्या तटबंदीचा पहिला मोठा प्रत्यय १९३९-४० च्या हंगामात आला. पुण्यास महाराष्ट्र व बडोदे यांच्या सामन्यात हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. हिंदी खेळाडूचे प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ते पहिले त्रिशतक होते. नवव्या जोडीस आलेल्या नगरवाला यांच्याबरोबर त्यांनी २४५ धावांची भर घातली. मोठमोठे फलंदाज बाद झाल्यावर शेपटाकडच्या भिडूला हाताशी धरून डाव उभा करावयाचा, हे पुढे जन्मभर करावे लागलेले काम त्यांनी तेव्हाच करून दाखविले. ज्या बडोद्याविरुद्ध हा पराक्रम घडला, त्याच बडोद्याकडून १९४१ पासून ते खेळू लागले.

संस्थानी काळातील क्रिकेटची व्यवस्था आजच्या वाचकास थोडी विलक्षण वाटेल. खेळाडूला खेळाचे वेतन देण्याची उघड पद्धत आपल्याकडे नव्हती. परंतु गुणी खेळाडूला संस्थानच्या नोकरीत घ्यावयाचे, त्याला हुद्दा द्यावयाचा आणि त्याच्याकडून मुख्यतः मैदानावरची कामगिरी करून घ्यावयाची, असा प्रघात होता. होळकरांच्या इंदुराने कर्नल सी. के. नायुडू यांना आश्रय दिला. बडोद्याने हजाऱ्यांना आपल्या लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. सांगलीच्या शाळामास्तरांचा मुलगा अशा रीतीने खऱ्या अर्थाने रक्षणाच्या चाकरीत रुजू झाला. ह्या आश्रयाचे फळ बडोद्यास लवकरच मिळाले. १९४२-४३ साली रणजी करंडक प्रथमच बडोद्याकडे आला.

त्या काळात मुंबईची पंचरंगी स्पर्धा हा क्रिकेटचा सर्वांत मोठा उत्सव असे. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन असे संघ धर्म वा वंश पाहून केलेले. ह्या चार चौकटींत न बसणाऱ्यांसाठी पाचवा संघ होता. त्याचे नावच ‘इतर’. ख्रिस्ती असल्याने हजारे ह्या इतरांत मोडत. १९४३-४४ च्या स्पर्धेत त्यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढून इतरांना अंतिम सामन्यात आणले. तेथे हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. इतरांचा पहिला डाव १३३ धावांत कोसळला, त्यांपैकी ५९ हजाऱ्यांच्या. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात इतरांनी ३८७ धावा केल्या आणि त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांनी काढल्या. त्यांचे बंधू विवेक हे सहाव्या जोडीस साथीला होते. ह्या जोडीने ३०० धावा जमविल्या आणि त्या तीनशेंत विवेक यांचा वाटा होता अवघा २१. धाकट्या भावाने एक बाजू नुसती धरून ठेवली, म्हणून थोरल्याला त्रिशतक करता आले. सामना इतरांनी गमावलाच. पण ब्रेबॉर्न स्टेडियमवर जमलेल्या मुंबईकरांना त्या सामन्यातून आठवला तो पराभूत संघाचा फलंदाज.

१९४६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात लॉर्ड्सच्या मैदानावर हजाऱ्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये प्रवेश केला. तोपर्यंत वयाची एकतीस वर्षे उलटली होती. महायुद्धाने त्यांच्या पिढीची ऐन उमेदीची वर्षे खाऊन टाकली होती. दौऱ्याहून परतल्यावर मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. समोर होळकर संघ. होळकरांचा डाव २०२ धावांवर आटोपला आणि बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले. तेव्हा हजारे व गुल महंमद एकत्र आले आणि ५३३ मिनिटांत त्यांनी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद यांनी ३१९ व हजाऱ्यांनी २८८ धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील कोणत्याही जोडीची ही सर्वांत मोठी भागी ठरली आणि २००६ साली कोलंबो येथे संगकारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा करीपर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे, तो विक्रम अबाधित राहिला. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. लाहोरचे गुल महंमद पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले आणि १९५६ साली त्या देशाकडून कसोटी सामनाही खेळले. बडोद्याच्या मैदानावर दोन दिशांचे दोन माणसे नऊ तास एकमेकांसाठी धावली होती, एवढे मात्र धावफलकावर कायमचे राहिले.

हजाऱ्यांची खरी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. १९४७-४८ च्या त्या दौऱ्यात ब्रॅडमन यांच्या नेतृत्वाखालील, लिंडवॉल व मिलर यांच्यासारखे तुफानी गोलंदाज असलेला संघ समोर होता. स्वतंत्र भारताचा तो पहिला परदेश दौरा. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. भारताचे पाच गडी १३३ धावांत बाद झाल्यावर हजारे व दत्तू फडकर यांनी १८८ धावांची भर घातली. हजाऱ्यांच्या ११६, फडकरांच्या १२३. तरीही फॉलोऑन टळला नाही. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत सात गडी टिपले. भारताच्या सहा फलंदाजांना भोपळाही फोडता आला नाही. ह्या पडझडीत हजाऱ्यांनी १४५ धावा काढल्या. संघाची एकूण संख्या होती २७७. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय फलंदाज. त्याच दौऱ्यात आपल्या साध्या मध्यमगती गोलंदाजीने त्यांनी ब्रॅडमन यांचा दोनदा त्रिफळा उडविला. सामना भारताने डावाने गमावला. परंतु लिंडवॉलच्या माऱ्यापुढे भारतीय फलंदाज उभा राहू शकतो, हे ॲडलेडने सिद्ध केले. नव्या राष्ट्राच्या स्वाभिमानाला त्या दिवशी ह्या पुराव्याची गरज होती.

हजाऱ्यांना केवळ अडविता येत होते असे समजणे चुकीचे ठरेल. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईस वेस्ट इंडीजविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत ३६१ धावांचे लक्ष्य समोर असता त्यांनी १२२ धावा काढून भारताला विजयाच्या उंबरठ्यापर्यंत नेले. खेळ संपला तेव्हा भारताच्या ८ बाद ३५५ धावा झाल्या होत्या. विजय सहा धावांनी हुकला. प्रसंग मागेल ते देण्याची त्यांची तयारी होती. मात्र त्यांच्या संघावर येणारे प्रसंग बहुधा एकाच प्रकारचे असत.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. खेळाडूंना पोसणाऱ्या संस्थानी व्यवस्थेचा हा शेवट होता. ह्याच काळात हजाऱ्यांनी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात रॉटेनस्टॉल व रॉयटन येथील क्लबांकडून व्यावसायिक खेळाडू म्हणून काम केले. कापडगिरण्यांच्या त्या गावांत दर शनिवारी कामगार मंडळी तिकीट काढून मैदानावर येत आणि क्लबने पैसे मोजून आणलेल्या खेळाडूने आपला मोबदला वाजवून घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा असे. महाराजांच्या हुद्द्यावरून गिरणीगावच्या करारावर येणे, हे स्थित्यंतर अनेक भारतीय खेळाडूंच्या वाट्याला आले. विनू मंकड हेही तसेच हॅसलिंग्डनला गेले.

१९५१ साली हजाऱ्यांकडे भारताचे नेतृत्व आले, आणि त्यांच्या कारकिर्दीतील कसोटीचा काळ सुरू झाला. स्वभाव अबोल, संकोची. आज्ञा करण्यापेक्षा स्वतः उभे राहून काम उरकावे, ही वृत्ती. इंग्लंडविरुद्ध दिल्लीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी नाबाद १६४ धावा केल्या, मर्चंट यांनी १५४. भारताला दोनशेंहून अधिक धावांची आघाडी मिळाली. तरीही इंग्लंडच्या वॉटकिन्सने चिवट शतक ठोकून सामना वाचविला, आणि कर्णधाराने फलंदाजीत वेळ दवडला म्हणून विजय निसटला, अशी टीका झाली. ही टीका अगदीच निराधार नव्हती. वर्षानुवर्षे पराभव टाळण्याची सवय झालेल्या मनाला विजय हाताशी आला आहे हे ओळखावयास उशीर लागतो. तटावर जन्म काढलेल्या शिपायाला वेस उघडून बाहेर पडण्याची आज्ञा देणे अवघडच जाते.

तरी ती आज्ञा त्यांनी दिली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासच्या शेवटच्या कसोटीत मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ व दुसऱ्यात ५३ धावांत चार गडी बाद केले. पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी शतके काढली, आणि भारताने इंग्लंडला एक डाव व आठ धावांनी हरविले. १९३२ पासून कसोटी खेळत असलेल्या भारताचा तो पंचविसावा सामना आणि पहिला विजय. कर्णधाराच्या स्वतःच्या धावा होत्या फक्त वीस. ज्यांनी इतक्या पराभवांत शतके काढली, त्यांच्या पहिल्या विजयात त्यांच्या बॅटची फारशी गरज पडू नये, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

चारच महिन्यांनी लीड्सचा सामना आला. पहिल्या डावात तीन बाद ४२ अशा अवस्थेत हजारे व तरुण विजय मांजरेकर यांनी २२२ धावा जोडल्या. मांजरेकरांचे शतक झाले, हजारे ८९ वर बाद झाले. दुसऱ्या डावात मात्र जे घडले ते कसोटीच्या इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते. फ्रेडी ट्रूमनच्या वेगापुढे व बेडसरच्या अचूकतेपुढे चौदा चेंडूंत रॉय, दत्ताजीराव गायकवाड, मंत्री व मांजरेकर असे चौघे परतले आणि फलकावर धावसंख्या होती शून्य. शून्यावर चार बाद! मैदानावर आले ते हजारे. त्यांनी ५६ धावा काढल्या. फडकरांबरोबर १०५ धावांची भर घातली. भारताचा डाव १६५ पर्यंत पोहोचला. सामना गेला, मालिकाही गेली. पण त्या मालिकेतील हजाऱ्यांच्या सात डावांचा हिशेब ३३३ धावांचा, सरासरी ५५.५० चा आहे. आसपासची सारी भिंत ढासळत असता एक दगड जागचा हलला नाही, असाच त्या आकड्यांचा अर्थ आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात आला. तेव्हा नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे होते. जबाबदारीतून मोकळे झालेल्या हजाऱ्यांनी मुंबईस नाबाद १४६ धावा काढल्या आणि भारताने तो सामना दहा गड्यांनी जिंकला. मात्र १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर संघनायकत्व पुन्हा त्यांच्याच खांद्यावर आले. दहा डावांत त्यांच्या १९४ धावा झाल्या. किंग्स्टनची कसोटी त्यांची अखेरची ठरली. कर्णधार म्हणून चौदा सामने. एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. नेतृत्वाच्या ओझ्याने भारताच्या श्रेष्ठ फलंदाजाचा खेळ मारला, असे मत त्यांचे समकालीन आणि प्रतिस्पर्धी विजय मर्चंट यांनी व्यक्त केले. सर्व बाजू एकट्याने राखणाऱ्यावरच आणखी एक बाजू सोपवावी, ही आपली जुनी रीत आहे.

तीस कसोटींत २१९२ धावा, सरासरी ४७.६५, शतके सात. प्रथम दर्जाच्या सामन्यांत साठ शतके. हे आकडे कोणत्याही देशाच्या फलंदाजाला भूषण ठरतील. कसोटी संपल्यावरही त्यांनी बडोद्याची चाकरी सोडली नाही. १९५७-५८ साली बडोद्याने चौथ्यांदा रणजी करंडक जिंकला. सेनादलाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात हजाऱ्यांनी २०३ धावा काढल्या. तेव्हा ते त्रेचाळिशीत होते. १९६० साली त्यांना व जसू पटेल यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच त्यांनी देह ठेवला. देशातील राज्यसंघांच्या एकदिवसीय स्पर्धेचा करंडक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. पन्नास षटकांत शक्य तितक्या झपाट्याने धावा लुटण्याच्या स्पर्धेला दिवसच्या दिवस उभे राहणाऱ्या माणसाचे नाव असावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. विचाराअंती ते योग्यच ठरते.

आजचा भारतीय फलंदाज निर्धास्तपणे बॅट फिरवितो, कारण त्याच्या मागे उभा राहणारा संघ आहे, जिंकण्याची सवय आहे, पराभवाने राष्ट्राची लाज जाईल ही भीती नाही. ही निर्धास्ती आपोआप आली नाही. ती येईपर्यंत कोणीतरी वेस राखावी लागली. मुंबईत ‘इतर’ म्हणून, ॲडलेडला नवजात देशाचा प्रतिनिधी म्हणून आणि लीड्सला शून्यावर चार बाद असता हजाऱ्यांनी ती राखली. डभोईच्या रणात त्र्यंबकराव दाभाडे हरले, तसे हजारेही ह्यांतील बहुतेक सामने हरले. परंतु कोण जिंकले एवढेच इतिहास विचारीत नाही. सारे पांगले तेव्हा जागेवर कोण होते, हेही तो विचारतो. आणि ह्या प्रश्नाचे उत्तर देताना भारतीय क्रिकेटला विजय हजारे यांचे नाव घ्यावेच लागते.